बावीस वर्षांनी आलेला सिक्वेल आणि अकरावी पायरी

पार्श्वभूमी

इंदूरच्या राजवाड्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर एक जुनी एकपडदा टॉकीज आहे. टॉकीजचं, मालकांचं किंवा आणखी कुणाचं नाव इथे देणार नाही. गल्ल्याच्या रकमाही देणार नाही. माणसं, वेळा आणि पायऱ्या मात्र मोजून देतो. मी तिथले हिशेब बघतो, त्यामुळे जे घडलं त्यातलं बरंचसं समोर बसून पाहिलं आहे आणि एका निर्णयात माझाही हात होता.

मालकांना अण्णा म्हणू. २०२३ साली त्यांचं वय त्र्याहत्तर. घराणं चार पिढ्यांपासून इंदुरात. घरात मराठी, बुकिंगच्या खिडकीवर हिंदी आणि संतापले की दोन्हींची खिचडी. मुलाचं औषधांचं दुकान आहे, त्याला सिनेमाच्या धंद्यात काडीचा रस नाही. सूनबाईंना आहे. २०१८ पासून चित्रपट ठरवणं, एजंटांशी बोलणं, ऑनलाइन बुकिंग हे सगळं त्याच बघतात. अण्णा दुपारी चारला येतात, गल्ल्यामागच्या खुर्चीत बसतात आणि प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणतात.

हॉलमध्ये खाली ४२० खुर्च्या, वर बाल्कनीत १८०. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पडदा बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा बाल्कनी उघडलीच नाही. खाली शंभर माणसं जमवायची मारामार, मग वरचा डोअरकीपर, झाडलोट, पंखे हा खर्च कशाला? तीन वर्षांत बाल्कनीची अडगळीची खोली झाली. तुटक्या खुर्च्या, फ्लेक्सच्या गुंडाळ्या आणि जुन्या प्रोजेक्टरचा एक सांगाडा, जो भंगारात द्यायला अण्णांचा हात धजत नाही.

याच हॉलमध्ये २००१ साली 'गदर' चालला होता. १५ जूनला 'गदर' आणि 'लगान' एकाच शुक्रवारी आले, अण्णांनी 'गदर' घेतला आणि त्या वर्षीची दिवाळी कशी गेली ते आजही न विचारता सांगतात. तेव्हा चित्रपट पेट्यांतून यायचा. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं आणि ऑपरेटरला नजर हटवायची सोय नसे. आता चित्रपट उपग्रहावरून नाहीतर हार्ड डिस्कवर येतो आणि परवान्याची किल्ली आली की उघडतो. ऑपरेटर मात्र तोच आहे.

प्रश्न काय होता

११ ऑगस्ट २०२३ च्या शुक्रवारी 'गदर २' आणि 'ओएमजी २' असे दोन हिंदी चित्रपट एकदम यायचे होते. आदल्या दिवशी रजनीकांतचा 'जेलर'. सनी देओल सहासष्टचा, अक्षय कुमार पंचावन्नचा, रजनीकांत बहात्तरचा. तिघांची बेरीज १९३ होते, असा एक बिनकामाचा हिशेब मी त्या आठवड्यात केला होता. 'जेलर'चा आमच्याशी संबंध नव्हता. उरलेल्या दोघांतून निवड करायची होती.

एकपडदा टॉकीजला मोठा चित्रपट हवा असेल तर चारही शो त्यालाच द्या, असा आग्रह धंद्यात नेहमीचाच. मल्टिप्लेक्सवाला एका पडद्यावर हा आणि दुसऱ्यावर तो लावून मोकळा होतो. आमच्याकडे चूक झाली की तो आठवडा गेलाच, आणि पंधरा ऑगस्टचा आठवडा वर्षातून एकदाच येतो.

अण्णांच्या मनात 'गदर'ची दिवाळी होती, पण २०१६ चा फेब्रुवारीही होता. 'घायल' १९९० चा. त्याचा पुढचा भाग सव्वीस वर्षांनी आला, सनीनं स्वतः दिग्दर्शित केलेला. अण्णांनी जुन्या प्रेमापोटी तो घेतला होता. रविवारच्या मॅटिनीला पस्तीस माणसं होती आणि त्यातली चार आमच्या ओळखीची. चित्रपट सगळीकडेच पडला. तेव्हापासून अण्णांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "नॉस्टॅल्जियानं लाइटबिल भरत नाही."

समोरचे पर्याय

जुलैच्या शेवटी, गल्ल्यामागे, पोह्यांच्या प्लेटा समोर ठेवून तीन बैठका झाल्या. पहिला पर्याय, चारही शो 'गदर २'ला. दुसरा, सगळे 'ओएमजी २'ला. तिसरा, कुणालाच न देता जुने चित्रपट कमी भाड्यात चालवायचे आणि सुखानं झोपायचं. तिसरा माझा होता. हिशेबनीसाला दुसरं काय सुचणार!

'ओएमजी २'कडे एक स्थानिक ओढ होती. त्याचं बरंच चित्रीकरण उज्जैनात झालं होतं आणि उज्जैन इथून तासाभरावर. ऑपरेटरचा मेव्हणा गर्दीच्या एका दृश्यात उभा होता म्हणे, निदान त्याचा तसा दावा होता. पण प्रदर्शनाला जेमतेम दहा दिवस उरले असताना त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळाल्याची बातमी आली. म्हणजे अठराच्या आतलं कुणी आत येणार नाही. सणासुदीच्या आठवड्यात पोरांना दारात अडवायचं आणि मग त्यांच्या बापांशी भांडायचं. आमचा मुख्य डोअरकीपर एकसष्ट वर्षांचा, तो म्हणाला, "साहेब, हे आपल्याच्यानं होणार नाही." दुसरा पर्याय तिथेच मोडला.

उरला प्रश्न म्हाताऱ्या हीरोचा. सूनबाईंनी दोन ताजी उदाहरणं काढली. २०२२ मध्ये 'टॉप गन'चा पुढचा भाग आला. पहिला १९८६ चा. तारीख २०१९ पासून ढकलत ढकलत छत्तीसाव्या वर्षी चित्रपट लागला, टॉम क्रूझ साठीला टेकलेला, आणि जगभरात जवळपास दीड अब्ज डॉलरचा धंदा. उलट जून २०२३ च्या शेवटी 'इंडियाना जोन्स'चा पाचवा भाग आला. हॅरिसन फोर्ड ऐंशीचा, सुरुवातीच्या प्रसंगात संगणकानं त्याचा चेहरा तरुण केलेला, आणि खर्चाच्या मानानं चित्रपट आपटला.

"म्हणजे वयाचा प्रश्न नाहीये, अण्णा," त्या म्हणाल्या. "वय लपवलं की लोक सुरकुत्या मोजत बसतात."

"ते इंग्रजांचं झालं," अण्णा म्हणाले. "आपल्या माणसाचे गुडघे काय वेगळे असतात? सहासष्टला माझे दोन्ही गेले होते."

मला हा वाद तेव्हाही थोडा फसवा वाटला, आणि आता तर पक्काच वाटतो. आम्ही तिघंही पडद्यावरच्या माणसाचं वय मोजत होतो. खुर्चीतल्या माणसाचं वय कुणीच मोजलं नाही.

जूनमधली चाचणी, जी आम्ही चुकीची वाचली

खरं तर आमच्याकडे पुरावा होता. ९ जून २०२३ ला जुना 'गदर' नव्यानं झळाळी देऊन पुन्हा प्रदर्शित झाला. आम्ही संध्याकाळचा एक शो लावला. शुक्रवारी ६०, शनिवारी १४०, रविवारी २६० माणसं. बावीस वर्षं जुना चित्रपट, घराघरात टीव्हीवर शंभरदा लागलेला, आणि रविवारी २६०!

बैठकीत हे तीन आकडे सूनबाईंच्या बाजूनं पडले आणि चारही शो 'गदर २'ला द्यायचे ठरले. मिनिमम गॅरंटी, म्हणजे चित्रपट चालो न चालो द्यायची ठरावीक रक्कम, न देता टक्केवारीवर, थोडा ॲडव्हान्स देऊन. इथपर्यंतचा निर्णय बरोबर होता.

पण रोजच्या डीसीआरमध्ये, म्हणजे दिवसाच्या वसुलीच्या अहवालात, एकूण तिकिटं आणि एकूण रक्कम एवढंच असतं. खिडकीवरच्या क्लार्कला त्याहून जास्त माहीत होतं. मी नंतर, सप्टेंबरमध्ये, त्याला सहज विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एरवी दोन मागतात, चार मागतात. जूनमध्ये लोक सात मागत होते, नऊ मागत होते. एकानं चौदा मागितली, आणि वर विचारलं की आजीला पुढे बसवाल का."

सात आणि नऊ म्हणजे अख्खं घर. २००१ मध्ये जे पंचवीस-तिशीत होते ते आता पन्नाशीकडे झुकलेले, बरोबर पोरं आणि आईवडील. यातले कित्येक दहा-बारा वर्षांत टॉकीजची पायरी चढले नव्हते. ही माहिती खिडकीच्या आत, आमच्यापासून पंधरा फुटांवर पडून होती. आम्ही तयारी केली ती शिट्ट्या मारणाऱ्या पोरांची व्यवस्था करण्याची: दोन दणकट बाउन्सर, खुर्च्यांवर उभं राहू नका अशी पाटी, पडद्यासमोर बांबूचं कुंपण. ते कुंपण शेवटपर्यंत कुणी ओलांडलं नाही.

वेळापत्रक

आता जरा रुक्ष भाग, पण सगळं इथेच अडकलं.

चित्रपटाची लांबी २ तास ५० मिनिटं. मध्यंतर १५ मिनिटं, जाहिराती वगैरे १०. झाले सव्वातीन तास. बारा-तीन-सहा-नऊ हे आमचं पिढ्यान्‌पिढ्याचं वेळापत्रक त्यात बसत नव्हतं. म्हणून ११:३०, ३:००, ६:३० आणि १०:०० असं ठरलं. एक शो सुटून दुसरा सुरू व्हायला मधे पंधरा मिनिटं. त्यात हॉल रिकामा, झाडू, पुढची माणसं आत. मध्यंतर लांबलं की पुढचा शो लांबणार आणि रात्रीचा शो सव्वाच्या पुढे सुटणार. म्हणून ऑपरेटरला सक्त ताकीद: पंधरा म्हणजे पंधरा.

तिकिटाचं फार ताणलं नाही. खालचं ८० वरून १०० केलं. तेव्हा शंभरपर्यंत जीएसटी १२ टक्के होता, वर गेलं की १८, त्यामुळे शंभरावर थांबणं शहाणपणाचं होतं.

पहिले तीन दिवस

शुक्रवारी पहिला शो अर्धा भरला. संध्याकाळी साडेसहाला 'हाऊसफुल'ची पाटी शोधावी लागली. ती कँटीनमागे, तेलाच्या डब्याखाली होती. शनिवारी दुपारपासून लोक परत जायला लागले. सांवेर, देपालपूर, बेटमाकडून टाटा मॅजिक गाड्या भरभरून आलेल्या. त्या वर्षी ऑगस्ट ठणठणीत कोरडा गेला होता, शेतात सोयाबीन माना टाकून उभं, आणि करण्यासारखं हातात काही नाही म्हणून माणसं शहरात आलेली. मराठी वस्त्यांत आणखी एक कारण होतं. अधिक श्रावण सुरू होता. धोंड्याचा महिना, घरोघरी लेकी-जावई आलेले.

शनिवारी सहा वाजता अण्णा खिडकीशी उभे राहून परतणारी माणसं बघत होते. एरवी नाही म्हणणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून हो म्हणाला: "बाल्कनी उघडा."

रात्री दहाचा शो सुटल्यावर चार पोरं लावून अडगळ काढली. खुर्च्या पुसल्या, नऊ मोडक्या खुर्च्यांवर कापड टाकलं, पंखे फिरवून पाहिले. बाल्कनीचं तिकीट १५० ठेवलं. परवान्यात बाल्कनी होतीच, त्यामुळे कागदोपत्री अडचण नव्हती. एवढं सगळं साडेतीन-चार तासांत उरकलं आणि त्याचं आम्हाला कौतुकही वाटलं. पायऱ्यांच्या कडेचे छोटे दिवे लागतात का, हे कुणी पाहिलं नाही. हॉलमधले मोठे दिवे चालू असताना ते लक्षात येतच नाहीत. वरच्या अग्निशामक नळकांड्यांची तारीखही उलटून गेली होती, ती मला मंगळवारी दिसली.

रविवार, साडेसहाचा शो

राजेंद्रनगरचं एक कुटुंब, सात तिकिटं, बाल्कनीची पहिली रांग. जावईबापूंना कठड्याशी बसायचं होतं. धोंड्याचं जेवण दुपारी झालेलं, आजी वय एकाहत्तर, चष्मा, गुडघ्याला पट्टा. दारातून पहिल्या रांगेपर्यंत उतरायला अकरा पायऱ्या.

मध्यंतर झालं. बायकांचा संडास खाली, तळमजल्यावर, वर नाहीच. खाली दोन, त्यातल्या एकाची कडी तुटलेली, म्हणजे एकच. त्या शोला सहाशे माणसं, त्यात अडीचशे तरी बायका. मध्यंतरात रांगेत चाळीसेक जणी. माणशी दोन मिनिटं धरली तर पंधरा मिनिटांत सात-आठ जणींचं काम होतं. हा हिशेब मी सोमवारी मांडला. तो शुक्रवारच्या आधी मांडायला पेन्सिलही लागली नसती.

पंधराव्या मिनिटाला ऑपरेटरनं दिवे घालवले. आजी तेव्हा जिन्यात होत्या, लेकीचा हात धरून. बाल्कनीच्या दारात आल्या तेव्हा आत काळोख, पडद्यावर तोफा. टॉर्चवाला डोअरकीपर खाली, दहाच्या शोच्या रांगेत भांडण सोडवत होता. आजींनी कठडा धरून पायऱ्या मोजत उतरायला सुरुवात केली. दहा उतरल्या. अकरावीवर पाय अपेक्षेपेक्षा खोल गेला, घोटा मुडपला आणि त्या कठड्यावर आपटून खाली बसल्या.

मला बोलावलं तेव्हा मी वर गेलो. लेक रडत होती, जावईबापू रिक्षा आणतो म्हणत होते, कँटीनवाल्यानं कोल्ड्रिंकच्या पेटीतला बर्फ रुमालात बांधून दिलेला. आजी कडेच्या खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मी म्हटलं, काकू, चला, दवाखान्यात जाऊ. त्या म्हणाल्या, "हँडपंप झाल्याशिवाय मी उठायची नाही."

ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना पुढचं माहीत आहे. पहिल्या भागात नायक हँडपंप जमिनीतून उपटतो. दुसऱ्या भागात जमाव अंगावर येतो, नायकाची नजर हँडपंपाकडे वळते आणि नुसत्या त्या नजरेनं जमाव पळत सुटतो. उपटणं वगैरे काही नाही. सहासष्ट वर्षांच्या नटाला तिथे फक्त बघायचं असतं. बाकीचं काम हॉलमधल्या माणसांनी बावीस वर्षं आधीच करून ठेवलेलं असतं. सहाशे माणसं एकदम ओरडली. आजींनी बर्फाचा रुमाल सोडून टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, "चला आता."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना खाली आणलं. घोट्याच्या हाडाला बारीक चीर होती. महिनाभर प्लास्टर.

रविवारी रात्री काय ठरवायचं होतं

पंधरा ऑगस्ट मंगळवारी. त्या दिवशी सकाळी आठचा जादा शो धरून पाच शो जाहीर करायचे ठरत होते. रात्री दीडला गल्ल्यामागे पुन्हा बैठक बसली.

अण्णांचं मत, बाल्कनी बंद. "चूक झाली, झाकण लावा." माझं मत, बाल्कनी बंद करा पण पाच शो चालवा. सूनबाईंचं मत नेमकं उलटं: बाल्कनी चालू ठेवा, शो चारच करा आणि मधला वेळ वाढवा. त्यांचं म्हणणं असं की बाल्कनी बंद केली तरी खालच्या ४२० मध्ये अशाच आज्या असणार, आणि संडासाची रांग तेवढीच राहणार. दिवा दोन दिवसांत लागतो, मिनिटं विकत मिळत नाहीत.

त्यांचं ऐकलं. मंगळवारचं वेळापत्रक ११:००, २:४५, ६:३०, १०:१५ असं बदललं. मध्यंतर पंचवीस मिनिटं, दोन शोंच्या मधे वीस. आठचा शो रद्द. मी विरोध नोंदवला आणि तो अजूनही मागे घेतलेला नाही: सकाळचा शो फक्त खालच्या मजल्यापुरता, लांब मध्यंतरासह करता आला असता. मग बाकीचे शो पाऊण तासानं पुढे सरकले असते आणि रात्रीचा दोनच्या पुढे सुटला असता, हे मला मान्य आहे. त्या दिवशी सकाळी नऊला दारात दोनशे माणसं येऊन परत गेली, हेही तितकंच खरं.

सोमवारी सकाळी अण्णा फळं घेऊन राजेंद्रनगरला गेले. दवाखान्याचा खर्च त्यांनी आदल्या रात्रीच दिला होता. आजींनी तक्रार केली नाही, चहा केला लेकीनं. पण एक गोष्ट सांगितली: "तुमची अकरावी पायरी खोल आहे. दहा सारख्या आहेत. अकरावीनं फसवलं."

अण्णांना ते पटलं नाही. बावन्न वर्षं त्या पायऱ्या चढतोय, म्हणाले. सूनबाईंनी परतल्यावर टेप घेतला. दहा पायऱ्या सहा-सहा इंचांच्या. अकरावी साडेसात. कधीतरी पहिल्या रांगेची फरशी बदलताना ती दीड इंच खाली बसवली गेली असणार. कधी, ते अण्णांनाही आठवेना. उजेडात नजर ती भरून काढते, अंधारात पाय नाही काढत.

सोमवारी संध्याकाळपर्यंत कडेला एलईडीची पट्टी लागली, अकरावीवर पिवळा रंग, संडासाची कडी बसली. बाल्कनीसाठी एक पोरगा फक्त टॉर्च घेऊन. दोन्ही बाउन्सरना बांबूच्या कुंपणापासून काढून जिन्यात उभं केलं. त्यातला एक आज्यांना हात देऊन चढवण्यात असा काही रमला, की नंतर त्याला लोक राख्या बांधायला लागले. खरोखर, ३० ऑगस्टला त्याच्या मनगटावर तीन राख्या होत्या.

निकाल

पंधरा ऑगस्टला चारही शो वर-खाली पूर्ण भरले. एकही शो पाच मिनिटांहून जास्त उशिरा सुरू झाला नाही, म्हणजे शुक्रवार-शनिवारपेक्षा वेळ जास्त पाळली गेली. कागदावर घट्ट बसवलेलं वेळापत्रक रोज वीस-पंचवीस मिनिटं घसरत होतं आणि सैल केलेलं पाळलं गेलं.

देशभरात चित्रपटानं पहिल्या दिवशी सुमारे ४० कोटी आणि पंधरा ऑगस्टला त्याहून बरीच जास्त कमाई केली. पुढे भारतातली नेट कमाई ५०० कोटींच्या वर गेली. आमच्याकडे तो ६ सप्टेंबरपर्यंत, सत्तावीस दिवस चालला. ७ तारखेला 'जवान' आला आणि त्यालाही चारही शो हवे होते. अण्णांना 'गदर २' एका शोला तरी ठेवायचा होता, पण शेवटच्या आठवड्यात दुपारचे शो पन्नास-साठ माणसांवर आले होते. तो निर्णय दहा मिनिटांत झाला, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

नफा किती झाला ते सांगत नाही. एवढं सांगतो, की टाळेबंदीतली विजेची थकबाकी त्या महिन्यात संपली.

वेगळं काय करता आलं असतं

बाल्कनी उघडण्याचा निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. तो चार तासांत अमलात आणणं चुकीचं होतं. रविवारचे चारही शो सोडून सोमवारी उघडली असती तर फार तर सातशेएक तिकिटांचं नुकसान झालं असतं. त्या अवधीत कुणीतरी हॉलचे दिवे घालवून, अंधारात, एकदा ती पायरी उतरून पाहिली असती. उजेडात केलेली तपासणी ही टॉकीजची तपासणीच नव्हे, हे आम्हाला तोवर सुचलं नव्हतं.

त्याच्याही मागे गेलं तर मूळ जून महिन्यात सापडतं. २६० हा आकडा आम्ही डोक्यावर घेतला आणि खिडकीवरच्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही. आता सूनबाईंनी डीसीआरखाली हातानं एक ओळ लिहायची पद्धत पाडली आहे: एका वेळी सर्वांत जास्त किती तिकिटं मागितली गेली. क्लार्क आधी कुरकुरला, आता स्वतःहून शेरे लिहितो. "आज सगळी कॉलेजची पोरं, खारे दाणे संपले." "लग्नघर, अकरा, एक व्हीलचेअर."

वरच्या मजल्यावर बायकांचा संडास करायचा अंदाजखर्च काढला आहे. नळाची लाइन वर न्यायची तर मागची भिंत फोडावी लागते, आणि अण्णांचं उत्तर तूर्त नाही असं आहे. सूनबाई दर महिन्याला ती फाइल गल्ल्यावर त्यांच्या समोर ठेवतात. अकरावी पायरी अजून साडेसात इंचांचीच आहे. गवंडी म्हणतो, ती सहा करायची तर पहिल्या रांगेची फरशी पुन्हा उचलावी लागेल. तोवर पिवळा रंग दर दोन महिन्यांनी नवा मारतात.

मध्यंतरानंतर ऑपरेटर हल्ली घड्याळ बघत नाही. बाल्कनीतला पोरगा दारातून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे दोनदा टॉर्च मारतो, मगच दिवे जातात. रिळांच्या दिवसांत त्याला कुणी असं थांबवलं असतं तर त्यानं पेटी फेकून मारली असती, असं तो म्हणतो, आणि टॉर्चची वाट बघत बसतो.